बैलगाडीवरचा उपग्रह

हे छायाचित्र तुम्ही नक्की पाहिले असेल : साधी बैलगाडी आणि तिच्यावर ठेवलेला ‘ॲपल’ उपग्रह. खाली बहुधा एकच भाव असतो, साधनांची वानवा आणि जिद्द मोठी. भाव सुंदर आहे. छायाचित्र मात्र वेगळे काही सांगते.

‘ॲपल’ हा इस्रोचा पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह. त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती. ट्रकवर ठेवावा, तर त्याच्या धातूच्या सांगाड्यामुळे रेडिओलहरींचे मोजमाप बिघडणार. आधार शक्यतो धातूविरहित हवा होता, आणि लाकडी बैलगाडी सहज मिळण्यासारखी होती. म्हणजे ती गाडी येथे वाहन म्हणून नव्हे, चाचणीचा मंच म्हणून उभी आहे.

२०१४ मध्ये मंगळयानाच्या यशानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने गाय घेऊन अवकाश-क्लबचे दार ठोठावणारा भारतीय शेतकरी व्यंगचित्रात दाखवला, तेव्हा आपण संतापलो, पुढे त्या वृत्तपत्राने दिलगिरीही व्यक्त केली. परंतु बैलगाडीचे हे छायाचित्र अभिमानाने वाटताना आपणही बैलापलीकडे कुठे पाहतो?

टंचाई खोटी नव्हती. ती या चौकटीत नाही, इतकेच. उपग्रह औद्योगिक शेडमध्ये सुमारे दोन वर्षांत उभा राहिला. भूस्थिर कक्षेकडे नेणारा अग्निबाण आपल्यापाशी नव्हता. म्हणून १९ जून १९८१ रोजी ‘ॲपल’ फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या एरियनवर, तेही त्याच्या चाचणी-उड्डाणात, रवाना झाला. कक्षेत एक सौरपंख उघडलाच नाही. उरलेल्या विजेवर उपग्रह दोन वर्षांहून अधिक काळ चालवला गेला. त्या झुंजीचे छायाचित्र अर्थातच कोणाकडे नाही.