पदरमोडीतून आलेले गाणे

१९ मे २००९ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘ग्ली’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या भागात, ओहायो राज्यातील लायमा गावच्या एका माध्यमिक शाळेतला स्पॅनिशचा शिक्षक मोडकळीस आलेला गायकवृंद पुन्हा उभा करू पाहतो, तेव्हा मुख्याध्यापक परवानगी देतात. परंतु वृंदाचा दरमहाचा खर्च त्याने स्वतः सोसावा, ही अट घालूनच. कथानक काल्पनिक असले, तरी ही अट मात्र त्या देशाच्या शालेय गायनाइतकीच जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी न्यू इंग्लंडच्या प्रार्थनामंदिरांत एखादा वडीलधारा स्तोत्राची एकेक ओळ उच्चारी आणि जमलेली मंडळी ती आपापल्या लयीत, आपापली मुरकी घेत ओढीत नेई. या विस्कळीतपणास कंटाळून १७२० च्या सुमारास बोस्टनच्या विद्वान धर्मोपदेशकांनी स्वरलिपी वाचून गाण्याचा पुरस्कार केला, आणि त्यातून गायनशाळा निघाल्या. फिरता गायनमास्तर गावात काही आठवडे मुक्काम करी, फी घेऊन संध्याकाळी तरुण-तरुणींना स्वरज्ञान देई आणि पुढच्या गावची वाट धरी. नवशिक्यांची अडचण ओळखून १८०१ च्या एका पाठ्यपुस्तकात तर स्वरांना आकारच देण्यात आले: ‘फा’ त्रिकोणी, ‘सोल’ वाटोळा, ‘ला’ चौकोनी आणि ‘मी’ हिऱ्याच्या आकाराचा, दृष्टीस आकार पडताच कंठाने स्वर लावावा, अशी ती युक्ती.

ही विद्या फी देणाऱ्यांपुरती न राहता प्रत्येक बालकास मिळावी, असा आग्रह लोवेल मेसन या एकेकाळच्या बँक-कारकुनाने धरला. १८३३ साली स्थापन झालेल्या बोस्टन संगीत अकादमीच्या खटपटीने शाळा समितीपुढे प्रकरण आले. संगीताने बुद्धी, नीती आणि शरीर या तिहींचे पोषण होते, असा अभिप्राय १८३७ च्या अहवालात नमूद झाला आणि प्रयोगास संमतीही मिळाली. परंतु नगरपालिकेने खर्चास मंजुरी नाकारली. तेव्हा मेसन यांनी दक्षिण बोस्टनच्या हॉज शाळेत वर्षभर विनावेतन शिकवले आणि साहित्याचा खर्चही पदरमोड करून भागवला. ऑगस्ट १८३८ मध्ये मुलांनी जाहीर गायन करून दाखवले. अन्य विषयांत ती मागे पडली नसल्याची खात्री झाली. आणि २८ ऑगस्ट रोजी समितीने गायन हा सार्वजनिक शाळांच्या शिक्षणक्रमाचा भाग ठरवला.

पुढे १८५८ साली हार्वर्डमध्ये ग्ली क्लब निघाला. इंग्लंडमध्ये तीन वा अधिक पुरुषकंठांसाठी रचलेल्या साथविरहित गीतप्रकारावरून आलेले हे नाव, कालांतराने तो गीतप्रकार मागे पडला तरी, महाविद्यालयांतून माध्यमिक शाळांत उतरले आणि टिकले.

मेसन यांच्या त्या वर्षाचे मोल मोठे आहे, आणि म्हणूनच त्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्यांची पदरमोड हा कायमचा वहिवाटीचा दाखला नव्हता. ती तिजोरीचे कर्तव्य सिद्ध करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम होती, आणि १८३८ च्या ठरावाने ते कर्तव्य मान्यही झाले. गणिताच्या मास्तराला फळा आणि खडू स्वखर्चाने आणण्यास कोणी सांगत नाही. गाणे शिकवणाऱ्याच्या निष्ठेची प्रशंसा करून खर्चाची जबाबदारी टाळणे, हे कोणत्याही शिक्षणसंस्थेस शोभणारे नाही. सुरांचे शिक्षण हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, आणि हक्काची तरतूद अंदाजपत्रकातच व्हावयास हवी.