कपाळाच्या त्वचेपासून स्तनाच्या पुनर्रचनेपर्यंत

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला होता आणि तेथे त्याचे नाक कापण्यात आले होते. कुंभार समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा उचलून नवे नाक घडवले. त्वचेचा हा तुकडा त्याने पूर्णपणे तोडला नाही. भुवयांच्या मधोमध एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवल्याने त्याचा रक्तपुरवठा चालू राहिला. गालाच्या त्वचेने नाक घडवण्याची रीत सुश्रुतसंहितेत कित्येक शतके आधी नोंदलेली होतीच. पुण्याचा वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येला नवी चालना मिळाली.

जिवंत ऊतीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह हलवण्याच्या या पद्धतीला आज ‘फ्लॅप’ म्हणतात. स्तनाच्या कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवण्यासाठी ती रूढ होण्यास मात्र आणखी दीड शतकाहून अधिक काळ लागला.

त्याचे कारण केवळ तंत्रात नव्हते. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ पासून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. त्या काळात ती रुग्णांना मोठी आशा देणारी होती. इटलीतील इजिनिओ तानसिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा स्नायू त्वचेसह पुढे आणून छातीची जखम झाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हॉल्स्टेड यांचा अशा आच्छादनाला विरोध होता. त्याखाली उलटलेला रोग लपून राहील, अशी त्यांना भीती वाटे. त्यांच्या अधिकारापुढे तानसिनींची पद्धत विस्मृतीत गेली आणि १९७० च्या दशकातच ती पुन्हा पुढे आली. दरम्यानच्या पिढ्यांतील स्त्रियांनी जीव वाचला यातच समाधान मानावे, असे गृहीत धरले गेले.

पुढे चित्र पालटले. १९६२ मध्ये सिलिकॉनचे रोपण आले. १९८२ मध्ये कार्ल हार्टरॅम्फ यांनी पोटाच्या खालच्या भागातील त्वचा, चरबी आणि स्नायू वापरून स्तन घडवण्याची पद्धत मांडली. जपानमधील इसाओ कोशिमा यांनी १९८९ मध्ये आणि अमेरिकेतील रॉबर्ट ॲलन यांनी १९९४ मध्ये पोटाचा स्नायू राखून केवळ त्वचा व चरबी नेण्याचा मार्ग दाखवला. त्यातील बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात. पुनर्रचनेमुळे रोग उलटण्याची शक्यता वाढत नाही, हेही पुढील अभ्यासांतून दिसून आले. १९९८ मध्ये अमेरिकेने कायदाच केला : स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेने पुनर्रचनेचाही खर्च दिला पाहिजे.

भारतात आज दरवर्षी जवळपास दोन लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान होते आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत त्यांचे सरासरी वय सुमारे दहा वर्षांनी कमी असते. उपचारानंतरचे मोठे आयुष्य त्यांच्यापुढे असते. मोठ्या शहरांतील कर्करोग रुग्णालयांत पुनर्रचना होते. तरीही खर्च, उशिरा होणारे निदान, सूक्ष्मशल्यतज्ज्ञांची कमतरता आणि ‘या वयात कशाला?’ हा घरातलाच प्रश्न यांमुळे बहुसंख्य स्त्रिया तिथवर पोहोचत नाहीत.

पुनर्रचना प्रत्येकीने करावी असे नाही. ती न करण्याचा निर्णयही तितकाच योग्य असू शकतो. परंतु तो निर्णय त्या स्त्रीने घ्यायचा, तर स्तन काढण्यापूर्वीच तिला सारे पर्याय समजावून सांगितले गेले पाहिजेत. नाक गमावलेल्या गाडीवानाचा चेहरा पूर्ववत करणे ज्या भूमीत दोनशे वर्षांपूर्वीही अनावश्यक मानले गेले नाही, तिथे एवढी अपेक्षा फार नाही.