कीटण काढणाऱ्या आकडीची वंशावळ

‘दात साफ करून घेतले आणि हलायला लागले’ ही तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही दंतवैद्याला नवी नाही. ज्या आकडीवर हा ठपका येतो तिचं घराणं मात्र फार जुनं आहे, आणि दात वाचवणं हाच तिचा पिढीजात धंदा आहे.

सुश्रुतसंहितेतल्या शस्त्रांत ‘दंतशंकू’ आहे. दातांवर जमून कडक झालेल्या थराला, म्हणजे कीटणाला, तिथे ‘दंतशर्करा’ म्हटलंय. हिरड्यांना इजा न करता ती काढावी, मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं, असा उपचार सांगितला आहे. यातली ‘इजा न करता’ ही अट मला लाखमोलाची वाटते, कारण पुढच्या सगळ्या अवजारांची धडपड तिच्यासाठीच आहे.

इ. स. १०००च्या सुमारास अंदालुसियातले शल्यवैद्य अल्-झहरावी यांनी आपल्या ग्रंथात कीटण खरवडण्याच्या १४ अवजारांची चित्रं दिली. दाताची आतली बाजू, बाहेरची बाजू, दोन दातांमधली फट, प्रत्येकीला वेगळं अवजार. एका बैठकीत काम झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, असंही त्यांनी बजावलं. आजचा दंतवैद्य तुम्हाला पुन्हा बोलावतो तेही याचसाठी.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी सुजलेली हिरडी कापण्यापेक्षा मुळावरचं कीटण काढण्याचा आग्रह धरला. हिरड्यांच्या या आजाराला, पायरियाला, मग कित्येक वर्षं ‘रिग्जचा आजार’च म्हणत. विसाव्या शतकात दंतवैद्य क्लेटन ग्रेसी यांनी हिरडीखाली जाणारी आकडी घडवली. ती जवळून पाहावी: टोक गोल, पाठ गोल आणि दोन कडांपैकी कापणारी एकच. धार दाताकडे राहते, हिरडीला लागते ती बोथट बाजू.

१९५०च्या दशकात अल्ट्रासॉनिक यंत्र आलं. ते खरं तर किडलेला दात कोरण्यासाठी बनवलं होतं. त्या कामात हवेच्या दाबावर फिरणाऱ्या एअरोटरने त्याला मागे टाकलं, पण सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा थरथरणारं टोक आणि पाण्याची धार कीटण फोडायला उत्तम ठरली.

कीटण तयार होतं कशातून, तर दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरात लाळेतले क्षार बसून. हाच थर हिरड्याही सुजवतो, हे दाखवणारा डेन्मार्कमधला प्रयोग १९६५मध्ये दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या.

सूज बरी होते, पण पायरियात झिजलेलं दाताभोवतीचं हाड सहसा आपोआप भरून येत नाही. दात हलतो तो या झिजेमुळे. कीटणाचा जाड थर शेजारच्या दातांना जखडून ठेवतो, म्हणून हलणं कळत नाही. थर निघाला की कळतं. आकडीचा त्यात दोष नाही, दोष उशिराचा आहे. घासताना रक्त आलं तर ब्रश बाजूला ठेवू नका. मऊ ब्रशने घासत राहा आणि दात हलायची वाट न बघता दंतवैद्याकडे जा.