नल्लकुंट्यापासून समुद्रकाठच्या अरण्यापर्यंत

हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीच्या नावातच पाणी आहे. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंट' म्हणजे लहान तळे. समुद्र मात्र येथून फार दूर. एकोणिसाव्या शतकातील हैदराबाद संस्थानाला स्वतःचा किनाराच नव्हता. अशा ठिकाणच्या सामान्य माणसाने, पदरी स्वतःचे वाहन नसताना, समुद्रकाठचे अरण्य पाहावे तरी कसे? या साध्या प्रश्नामागे दळणवळणाचा दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

1874 साली वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला आणि वाडीच्या सांध्याने हैदराबाद मुंबईशी जोडले गेले. पुढे 1889 मध्ये मार्ग बेझवाड्यापर्यंत पोहोचला व पूर्वेकडची वाटही मोकळी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी गावे ओवीत गोदावरी खोऱ्याचा मार्ग मनमाडला भिडला. 1916 साली नल्लकुंट्याजवळच काचीगुड्याचे देखणे स्थानक उभे राहिले आणि मराठवाड्यातील उतारूंचे ते राजधानीतील दार ठरले.

परंतु आगगाडी स्थानकापाशी थांबते. माणसाचे घर मात्र तेथे नसते. लांबचा पल्ला एका रात्रीत संपावा आणि उरलेल्या कोसभर वाटेसाठी टांग्याची वाट पाहावी लागावी, हा अनुभव कोणत्याही शहराला नवा नव्हता. हैदराबादेत या अडचणीवर रेल्वेनेच उपाय योजिला, हे विशेष होय. जून 1932 मध्ये निजाम राज्य रेल्वेने आपले रस्ते वाहतूक खाते काढले. आरंभी त्याच्याजवळ 27 मोटारगाड्या आणि 166 नोकर होते. मुंबई राज्याची एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती 1 जून 1948 रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. रूळ आणि रस्ता हे परस्परांचे वैरी नसून एकाच प्रवासाचे दोन टप्पे आहेत, ही जाणीव या खात्याच्या मुळाशी होती. 1958 साली तेथे आंध्र प्रदेशाचे परिवहन महामंडळ आले. नल्लकुंट्याजवळचा 'आरटीसी क्रॉस रोड्स' हा चौक त्या वारशाचे नाव आजही वागवीत आहे.

आता प्रवासाचे दुसरे टोक पाहावे. मुंबई आणि ठाणे यांच्या मध्ये पसरलेले, सुमारे 103 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उत्तरेला वसईच्या खाडीला भिडते. मुंबईची तहान भागविण्यासाठी 1860 मध्ये विहार व 1879 मध्ये तुळशी हे तलाव पुरे झाले. त्यांच्या पाणलोटासाठी भोवतीचे रान राखले गेले. 1867 पासून विरार ते मुंबई अशी स्थानिक गाडी धावू लागली आणि 1928 मध्ये विजेची गाडी बोरिवलीस पोहोचली. आज बोरिवलीला पूर्वेकडे उतरलेला माणूस पायी उद्यानाच्या दाराशी जातो. इतके सुलभ अरण्य जगातील फारच थोड्या महानगरांना लाभले आहे.

तथापि दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटर चढणीची वाट उरतेच. या लेण्यांना कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दाने दिल्याचे तेथील ब्राह्मी लेख सांगतात. म्हणजे बंदर व डोंगर यांचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. तरुणाला ही वाट मौजेची वाटेल. वृद्धाला आणि लेकुरवाळीला मात्र तेथे गाडी नसेल, तर हैदराबादेहून केलेला सारा प्रवास दारापाशीच संपतो.

म्हणून शेवटचा टप्पा ही किरकोळ सोय समजू नये. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात स्त्रियांना राज्याच्या सीमेपर्यंत ठरावीक सरकारी बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. त्यामुळे नल्लकुंट्याच्या गृहिणीचा काचीगुड्यापर्यंतचा टप्पा तरी बिनखर्चाचा झाला. अरण्य राष्ट्राचे आहे असे कायदा सांगतो. ते खरोखर साऱ्यांचे होते ते मात्र तिकीट परवडणारी गाडी त्याच्या आतपर्यंत जाते तेव्हाच.