निक कलेक्शन

निक कलेक्शन हा छायाचित्र-संपादनासाठी वापरला जाणारा प्लग-इनांचा संच आहे. प्लग-इन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडून त्याची क्षमता वाढवणारे पूरक सॉफ्टवेअर. हा संच मुख्यतः अ‍ॅडोबी कंपनीच्या फोटोशॉप व लाइटरूम या सॉफ्टवेअरांसोबत वापरला जातो. निक सॉफ्टवेअर या कंपनीने विकसित केलेल्या या संचाची मालकी पुढे गूगलकडे आणि २०१७ पासून डीएक्सओ या फ्रेंच कंपनीकडे गेली.

घटक

संचातील प्रत्येक प्लग-इनाचे काम वेगळे आहे. सिल्व्हर इफेक्स प्रो रंगीत छायाचित्राचे कृष्णधवल रूपांतर करते व जुन्या फिल्मच्या कणांचा आभास निर्माण करते. डिफाइन अंधुक प्रकाशातील छायाचित्रांत दिसणारे नको असलेले ठिपके कमी करते, तर शार्पनर प्रो रेखीवपणा वाढवते. व्हिवेझा, कलर इफेक्स प्रो, एचडीआर इफेक्स प्रो आणि अ‍ॅनालॉग इफेक्स प्रो हे अन्य घटक होत. २०२० मध्ये पर्स्पेक्टिव्ह इफेक्सची भर पडली.

कार्यपद्धती

'यू पॉइंट' हे या संचाचे वैशिष्ट्यपूर्ण तंत्र आहे. वापरकर्त्याने छायाचित्रावर एक बिंदू ठेवल्यास, ठरवलेल्या वर्तुळातील त्या बिंदूशी रंग व प्रकाशमान यांत साम्य असलेला भाग आपोआप निवडला जातो. त्यामुळे आकाश किंवा चेहरा यांची कडा हाताने आखावी लागत नाही. निकॉनच्या कॅप्चर एनएक्स (२००६) या सॉफ्टवेअरमध्येही हे तंत्र वापरले होते.

लाइटरूममधून प्लग-इन उघडल्यास सामान्यतः छायाचित्राची टिफ स्वरूपातील प्रत तयार होते व बदल त्या प्रतीत साठवले जातात. मूळ फाइल सुरक्षित राहते. मात्र साध्या टिफ प्रतीत उतरलेले बदल नंतर सुटे करता येत नाहीत. फोटोशॉपमध्ये 'स्मार्ट ऑब्जेक्ट'वर प्लग-इन वापरल्यास ते बदल पुन्हा दुरुस्त करता येतात.

मालकी व उपलब्धता

सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने निक सॉफ्टवेअर विकत घेतली. तिचे स्नॅपसीड हे मोबाइल अ‍ॅपही या व्यवहारात गूगलकडे आले. पूर्वी सुमारे ५०० डॉलरला मिळणारा संच मार्च २०१३ मध्ये १४९ डॉलरला उपलब्ध झाला. मार्च २०१६ मध्ये तो विनामूल्य करण्यात आला आणि त्या वर्षी तो विकत घेतलेल्यांना पैसे परत देण्यात आले.

मे २०१७ मध्ये गूगलने यापुढे सुधारणा करणार नसल्याचे जाहीर केले. प्लग-इन हे संगणकाची कार्यप्रणाली व यजमान सॉफ्टवेअर या दोहोंवर अवलंबून असते. या दोन्हींच्या नव्या आवृत्त्या येत असताना त्यात बदल न झाल्यास ते कालांतराने बंद पडू शकते. त्यामुळे विनामूल्य मिळालेल्या संचाच्या भवितव्याविषयी वापरकर्त्यांत चिंता निर्माण झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये डीएक्सओने हा संच विकत घेतला. स्नॅपसीड गूगलकडेच राहिले. जून २०१८ मध्ये डीएक्सओने संचाची सुधारित आवृत्ती प्रकाशित केली. ती सशुल्क होती.