किंमत आणि कुंपण: एकच व्हिडिओ गेम देशोदेशी वेगळ्या दरानं का विकला जातो?

आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांनी व्हिडिओ गेमच्या किमतींवर बोलावं, हे जरा विचित्रच. पण प्रश्न जुना आहे. नातवंडांच्या पिढीनं तो नव्या वेषात आपल्यासमोर आणला, इतकंच.

प्रश्न असा. स्टीम नावाचं एक ऑनलाइन दुकान आहे. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते २००३ मध्ये सुरू केलं. तिथे गेम विकत घेतला की तो इंटरनेटवरून थेट घरच्या संगणकावर उतरतो. जहाज नाही, गोदाम नाही, हमाली नाही. तरीही तोच गेम न्यूयॉर्कला एका दरानं मिळतो आणि पुण्यात दुसऱ्या. असं का? आणि हे न्याय्य आहे का?

उत्तरासाठी आधी पुस्तकांकडे जाऊ. आम्ही विद्यार्थी असताना ईएलबीएसची पुस्तकं मिळत. ब्रिटिश सरकारच्या अनुदानामुळे ती आमच्या खिशाला परवडत. पुढे अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या अप्पा बळवंत चौकात दिसू लागल्या. कागद हलका, मजकूर तोच, किंमत मूळच्या काही अंशानं. आणि वर एक सूचना छापलेली असे: अमुक देशांबाहेर विक्रीस मनाई. आपल्यापैकी कितीजणांनी ती सूचना वाचली होती? पण सगळी मेख तिथेच आहे. एका वस्तूच्या दोन किमती टिकायच्या, तर स्वस्त बाजारातला माल महाग बाजारात पोचता कामा नये. मधे कुंपण हवं.

हे कुंपण किती कठोर असू शकतं, ते ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्यानं १८४९ मध्येच दाखवून दिलं. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना तेव्हा छप्पर नसे. छप्पराचा खर्च जड होता म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणाऱ्यानं तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. म्हणजे गरिबाला भिजवायचं ते त्याच्यावरच्या रागानं नव्हे, तर श्रीमंताला घाबरवायला!

बरं, पुस्तकांचं कुंपण पुढे मोडलं. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं नातेवाइकांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या. वायली या प्रकाशनसंस्थेनं त्याला कोर्टात खेचलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: कायदेशीर प्रत परदेशात छापलेली असली तरी विकत घेणाऱ्याला ती पुन्हा विकता येते.

गेमच्या बाबतीत ही वाटच बंद आहे. कारण स्टीमवर आपण प्रत विकत घेत नाही. घेतो तो वापराचा परवाना. तो खात्याला बांधलेला असतो, दुसऱ्याला विकता येत नाही. छापील सूचनेची जागा इथे यंत्रानं घेतली. म्हणूनच विक्रेत्याला देशागणिक दर लावणं सोपं गेलं. २०१५ च्या अखेरीस भारतात स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, त्या याच सोयीमुळे. ही दानशूरता नव्हे. एक जादा प्रत पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेव्हा ज्याला पूर्ण दर परवडत नाही, त्याच्याकडून थोडं मिळालं तरी तो फायदाच.

तथापि गरीब देशात गेमिंग नेहमी स्वस्तच, असं मात्र समजू नये. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ हे यंत्र अमेरिकेत ३९९ डॉलरला आलं. ब्राझीलमध्ये त्याची किंमत ३,९९९ रेआल होती, म्हणजे तेव्हाचे १,८०० डॉलरहून अधिक. त्यातला मोठा वाटा करांचा, असं सोनीनं सांगितलं. म्हणजे कुंपण सरकारही घालतं, आणि तेव्हा किंमत उलट्या दिशेनं जाते.

आता न्यायाकडे येऊ. अ‍ॅरिस्टॉटलनं समानतेचे दोन प्रकार सांगितले: एक अंकगणिती, सर्वांना सारखंच; दुसरा प्रमाणाचा, ज्याच्या-त्याच्या मापानं. युरोपात या दोहोंची टक्कर झाली. पोलंड, रुमानिया, हंगेरी अशा देशांत स्वस्तात विकलेले काही गेम युरोपात इतरत्र चालू नयेत, अशी अडवणूक केली म्हणून युरोपीय आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. एकाच बाजारपेठेच्या नागरिकांमध्ये भिंत नको, हे तत्त्व. तत्त्व उत्तम आहे. पण भिंत नसेल तर पोलंडमध्ये स्वस्त विकायला प्रकाशक किती काळ तयार राहील?

तुर्कस्तान आणि अर्जेंटिनात काय झालं ते पाहा. तिथले दर फार कमी होते, म्हणून इतर देशांतले लोक आपण तिथेच राहतो असं भासवून खरेदी करू लागले. २०२१ मध्ये स्टीमनं खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल, असा नियम केला. त्यात दोन्ही चलनं कोसळत होती. अर्जेंटिनात २०२३ ची वार्षिक महागाई २०० टक्क्यांच्या पुढे गेली. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद होऊन डॉलर आला. व्हॉल्व्हनं कारण दिलं ते विनिमयदराच्या अस्थिरतेचं. सुचवलेले दर अमेरिकेपेक्षा कमीच होते, तरी अनेक गेम एका रात्रीत कित्येक पटींनी महागले. ज्याचा पगार पेसोत किंवा लिरात होतो, त्या तरुणानं काय करावं?

यातून आपण काय घ्यायचं? आमच्या मते, मापानुसार किंमत ही सर्वांना सारख्या किमतीपेक्षा अधिक न्याय्य आहे. पण आज ती कुणाचा हक्क नाही. विक्रेत्याच्या हिशेबात बसते तोवरच मिळते. आणि तिच्यासाठी आपण मालकी सोडून दिली आहे, हे विसरू नये. जुनं पुस्तक आम्ही धाकट्या भावाला देत होतो. हा गेम देता येत नाही.

शेवटी एक विनंती, विशेषतः परदेशी असलेल्या आपल्या मुलांसाठी. डॉलरमध्ये कमावून खोट्या पत्त्यावर रुपयांच्या दरानं घेणारा कंपनीला फसवत असेल. पण कुंपण पुन्हा उंच होतं तेव्हा त्याची किंमत मोजतो तो इथला विद्यार्थी. न्यायाचा विचार करताना त्याचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर असावा.