उबवणी

शाळेत मी एक हस्तलिखित मासिक काढीत असे. मजकूर मुलांचा, अक्षर मुलांचे, चित्रेही त्यांचीच. माझी बदली झाली आणि दोन महिन्यांत ते बंद पडले. पुष्कळ दिवस मी मुलांना दोष देत होतो. पुढे 'अपाची'चा इतिहास वाचनात आला, आणि मी गप्प झालो.

संकेतस्थळांची पाने मागणाऱ्याच्या पडद्यावर पोचविणारी एक आज्ञावली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रात रॉब मॅककूल ह्याने लिहिली होती. १९९४ च्या मध्यास तो केंद्र सोडून गेला आणि काम अडले. वापरणारे जो तो आपापली ठिगळे लावीत बसला. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांतल्या आठ जणांनी ईमेलवर गाठ घालून ती ठिगळे एकत्र शिवली. तीच अपाची. १९९९ मध्ये तिची संस्था झाली.

पोरकेपण जिने पाहिले ती संस्था दुसऱ्यांची लेकरे कशी वाढविते, हे मला पाहायचे होते. २००२ साली तिने 'इन्क्युबेटर' काढला. आपल्या भाषेत अंडी उबविण्याची पेटी. नवा प्रकल्प आला की त्याला जाणते मार्गदर्शक देतात. संहितेची मालकी कोणाची ते तपासतात. प्रत्येक आवृत्तीला निदान तीन अनुकूल मते लागतात, आणि चर्चा सर्वांदेखत. पण खरी परीक्षा निराळीच. संहिता किती सुबक आहे ह्यापेक्षा, आणणारा उद्या उठून गेला तर मागे माणसे उरतील का, हे ते पाहतात. माझ्यासारख्या मास्तराला हा प्रश्न कधी सुचला नाही!

फेसबुकमध्ये जन्मलेली 'कॅसँड्रा' २००९ मध्ये तेथे आली आणि २०१० च्या फेब्रुवारीत पंख फुटून बाहेर पडली. गूगलने अंग काढून घेतलेली 'वेव्ह' २०१० च्या अखेरीस आली. घर मोठे, कौतुकही मोठे झालेले; पण हात पुरेसे जमेनात. सात वर्षे ऊब देऊन २०१८ च्या जानेवारीत तिला निवृत्त केले. एवढा धीर आमच्या कोणत्या संस्थेत आहे?

'वेव्ह'ची संहिता मात्र तेथे ठेवलेली आहे. कोणीही वाचावी, उचलावी. आमच्या मासिकाचे सगळे अंक मी बदलीच्या वेळी ट्रंकेत घालून बरोबर आणले होते.